विरजण वेल्ह्याचं, यादी दिल्लीची

१८ नोव्हेंबर १९७४, सोमवार

आबा आजही बोलले नाहीत. ताटं समोरासमोर. मधे फक्त आमटीचं पातेलं. तरी आईला म्हणाले, "सरू, त्याला इचार, आमटी पायजे का." मी हाताच्या अंतरावर!

आय बिचारी मला म्हणाली, "आमटी पायजे का?" मी तिला म्हणालो, "नको म्हणून सांग." तिनं दोघांकडं बघितलं आणि उठून गेली.

महिना होत आला असेल. मी "गॅसवर संशोधन" एवढंच घरी सांगितलं होतं. आबांना वाटलं, पुण्यात लोकांकडे टाक्यांतून येतो तसा काहीतरी. मग आमच्या शिवऱ्याच्या चावडीवर कुणीतरी त्यांना गाठून हसत हसत सांगितलं — सर्जेराव, तुमचा शिकलेला पोरगा वरव्याच्या वसतिगृहात पोरांच्या संडासातनं गॅस काढतो म्हणे!

त्या संध्याकाळचं आबांचं बोलणं अजून कानात आहे. "मेलेली जनावरं वढायचं आमी सोडलं. छपन साली दीक्षा घेतली, तवापास्नं त्या कामाला हात न्हाई लावला. मार खाल्ला, बलुतं गेलं, पर सोडलं. तुला कालिजात घातला त्यो कशापायी? आन् तू त्याच्याबी खालची पायरी गाठलीस!"

मी समजावलं. संडासातून पाइपानं सगळं आपोआप टाकीत जातं. आत जीवाणू ते कुजवतात, गॅस होतो, तो टाकीवरच्या लोखंडी टोपीत साठतो, तिथून स्वयंपाकघरात. कुणाचा हात लागत नाही. त्यासाठीच तर सगळं आहे!

आबा म्हणाले, "हात लागत न्हाई. पर नाव तर लागतंया ना?"



२१ नोव्हेंबर

मालिनीबाई जीप घेऊन आल्या. माझ्या पुण्याच्या संस्थेतल्या वरिष्ठ. माहेर भोरचं, म्हणून येता-जाता वरव्याला थांबतात. आज जीपमधून उतरल्या तेव्हाच चेहऱ्यावरून कळलं, काहीतरी आहे.

दिल्लीत एक समिती बसली आहे. जीवाणूंवरच्या संशोधनासाठी पुढच्या काही वर्षांत देशानं पैसा कशावर खर्च करायचा, ते ती ठरवणार. तीन वर्ग पाडणार. पहिल्या वर्गाला भरपूर, दुसऱ्याला थोडं, तिसऱ्याला — बाई हसल्या — "तिसऱ्याला शुभेच्छा."

पहिल्या वर्गात सध्या काय? औषधं. मळीपासून अल्कोहोल. आणि सगळ्यात वर, पेट्रोलियमवर यीस्ट वाढवून त्यापासून प्रथिनं! म्हणजे खनिज तेलातून खाणं. एक मोठे डॉक्टर त्याच्या मागे आहेत, स्वतः समितीवर आहेत. आणि आम्ही? "कचरा व सांडपाणी". तिसरा वर्ग. शेवटचं पान.

मी म्हणालो, तिसऱ्यात गेलो तर?

"तर मार्चमध्ये वरवे बंद. तुम्ही पुण्याला परत, प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला. मी तुमच्या शेजारी."

एकच आशा. समिती १९ डिसेंबरला महाबळेश्वरच्या बैठकीला जाताना इथं तासभर थांबणार आहे. बाईंनी किती पत्रं लिहिली असतील देव जाणे. (मी देव मानत नाही. पण लिहिताना येतोच!)

"जगन, तक्ते त्यांनी पुष्कळ पाहिलेत," बाई निघताना म्हणाल्या. "तुम्ही त्यांना ज्योत दाखवा."

२४ नोव्हेंबर

नसरापूरला रॉकेलची रांग पार ओढ्यापर्यंत. डबे रांगेत, माणसं सावलीला. आणि दिल्लीत तेलातून प्रथिनं काढतायत! कल्पना वाईट नाही, शास्त्र म्हणून मला आवडलीसुद्धा. पण तेल आणायचं कुठनं?

३० नोव्हेंबर, शनिवार

गीताबाईंनी आज सगळ्या पोरांच्या भाकरी गॅसवर केल्या. टोपी चांगली वर आलेली. ज्योत निळी, पावसाळ्यातल्या संध्याकाळसारखी.

गीताबाई म्हणजे वसतिगृहाच्या स्वयंपाकीण. चूल त्यांची, हुकूमही त्यांचाच. सुरुवातीला शेगडीकडं बघायला तयार नव्हत्या. "ह्या जाळावर भाकरी? पोरं बाटतील, मीबी बाटन!" मी गप्प बसलो. कुंडलिक गुरुजी — वसतिगृहाचे रेक्टर, सगळीकडून नकार आल्यावर यांनीच आम्हाला जागा दिली — तेही गप्प बसले. मग जुलै आला. ओली लाकडं, घरभर धूर, गीताबाईंचे डोळे लाल. एक दिवस मी आत गेलो तर शेगडीवर दूध तापत होतं आणि बाई पाठमोऱ्या उभ्या. मला बघून म्हणाल्या, "दूध उतू चाललं व्हतं म्हून लावली." न तापवलेलं दूध उतू कसं जाईल, हे मी विचारलं नाही!

आता उलट मलाच सांगतात. "जाळाला कुटं वास असतो व्हय? वास माणसाच्या टकुऱ्यात असतो."

एका मुलाच्या बापानं मात्र मुलगा काढून नेला. तो मुलगा जाताना मागे वळून वळून बघत होता.

२ डिसेंबर

टोपी खाली बसली आहे. सकाळी चहापुरता गॅस. थंडी वाढली, त्यानं जीवाणू मंदावले असणार. टाकीभोवती भाताचा पेंढा रचला, वरून गोणपाट. दोन दिवसांत येईल वर.

३ डिसेंबर

आली नाही. अजून खाली.

४ डिसेंबर, बुधवार

सापडलं. थंडी नव्हे.

सकाळी संडासांच्या मागून गेलो तर नाकात झिणझिण्या. फिनेल! इतकं की डोळ्यांत पाणी. धावत गुरुजींकडे. ते अंगणात पोरांची रांग लावून नखं तपासत होते. म्हणालो, गुरुजी, संडासात फिनेल कुणी टाकलं?

चेहरा उजळला त्यांचा! "मीच. दिल्लीचे साहेब येणार ना! गेला आठवडाभर सकाळ-संध्याकाळ ओततोय. स्वतः उभा राहून. बघा, माशीसुद्धा नाही!"

मी तिथंच पायरीवर बसलो. "गुरुजी, तुम्ही सगळ्यांना मारलंत."

"कुणाला?" — घाबरून पोरांकडं बघितलं त्यांनी.

"टाकीतल्या जीवाणूंना. त्यांच्या जिवावर गॅस होता."

मग समजलं त्यांना. एकदम खचले. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली, पोरं समोर उभी आहेत याचंही भान नाही. रागावायचं होतं मला — रागावता आलं नाही. चूक माझीच म्हणायची. फिनेल नको, हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. मी त्यांना मिथेन शिकवला, फिनेल राहून गेलं.

पंधरवडा हातात. त्यात मेलेली टाकी जिवंत करायची. दुधाचं जसं असतं तसंच — विरजण हवं. जिवंत टाकीतला रबडा, म्हणजे कुजून पातळ झालेला काला, आणून ओतायचा. वेल्ह्याकडं सावळाराम म्हणून शेतकरी आहेत, त्यांचा शेणाचा गॅस चालू आहे. उद्या जातो.

५ डिसेंबर, गुरुवार

दमलो आहे, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

कापूरहोळच्या आनंदरावांचा टेम्पो ठरवायला गेलो. गॅरेजच्या दारातच विचारलं त्यांनी, "काय भरायचंय?" म्हटलं, गॅसच्या टाकीतला रबडा. "त्या वरव्याच्या? संडासाच्या? छ्या! टेम्पो धुवायला गंगा आणू का?" म्हटलं, नाही हो — सावळारामांचा, शेणाचा. "मग अस्सं सांगा की! शेणाला काय, शेण चालतं." पिंपं त्यांनी स्वतः चढवली. टाकीत दोन्हींचा एकच वास, एकच रंग, एकच जीवाणू. पण शेण चालतं!

सावळाराम फार चांगला माणूस. विरजण म्हटल्यावर हसले. "आमच्यात सांज झाल्यावर विरजण देत न्हाईत. दिवसा आलास, बरं झालं." पिंपं भरू लागलो. शर्ट, पँट, डोकं, सगळं हिरवंकाळं. येताना पिंपं सांडू नयेत म्हणून मागे त्यांच्यात बसलो, मिठी मारून.

आणि वरव्याच्या फाट्यावर टेम्पो वळायला थांबला, तर एसटीची वाट बघत आमची मंडळी उभी. उद्या सहा डिसेंबर — मुंबईला निघालेली. पांढरे कपडे, हातात पिशव्या, भाकरीची गाठोडी. त्यांच्यात आबा. शिवऱ्याहून इथं आले होते, वरव्याच्या लोकांबरोबर जायला.

मी वर, पिंपाला धरून, अंगभर शेण. ते खाली, धुतलेल्या धोतरात.

कुणीतरी म्हणालं, "अरं जगन न्हवं का त्यो?" आबांनी बघितलं. मग रस्त्याकडं तोंड फिरवलं.

दरवर्षी मी त्यांच्याबरोबर जातो.

६ डिसेंबर

मेलेला रबडा उपसायचा होता. टोपी काढून टाकी उघडी केली आणि वरून दोरीला बादली बांधून काढत राहिलो, बाजूच्या खड्ड्यात ओतत राहिलो.

गडी सांगता आला असता. पण कुणाला? असल्या कामाला गावात हाक मारली तर कोण येईल, कोणाला पाठवतील, हे मला चांगलं माहीत होतं. त्यापायीच हाक मारली नाही. मीच उपसलं.

आबांना म्हणालो होतो, हात लागत नाही. आज लागला.

अर्धी टाकी झाली असेल तेव्हा गुरुजी आले. धोतर वर खोचलेलं, हातात दुसरी बादली. मी म्हणालो, गुरुजी, नको. "माझ्या हातानं झालंय," म्हणाले आणि बादली सोडली. साठीचा माणूस. ब्राह्मण नाहीत, पण गावात मान मोठा. खिडकीतून पोरं बघत होती. संध्याकाळपर्यंत दोघं उपसत राहिलो. शेवटची बादली ओतल्यावर ते म्हणाले, "जगनराव, हे काम करणाऱ्याला आपण काय म्हणत होतो इतकी वर्षं." मग बादली धुवायला घेतली. 

घरी आयनं न विचारता पाणी तापवून ठेवलं होतं. पाठ चोळून दिली. लहानपणी देत असे तशी.

७ डिसेंबर

विरजण ओतलं. कोमट पाणी, थोडं ताजं शेण. टोपी बसवली. पेंढा, गोणपाट. संडासांना आठवडाभर कुलूप, पोरं ओढ्याकडं. फिनेलच्या उरलेल्या बाटल्या गुरुजींनी स्वतः कपाटात बंद केल्या आणि किल्ली मला दिली!

१० डिसेंबर

काही नाही.

१३ डिसेंबर

टोपी बोटभर वर! धावत काडी लावली — जळेना. नुसता फुसफुसाट. गीताबाई म्हणाल्या, "निस्ता वारा काढतंय." कार्बन डायऑक्साइड असणार. सुरुवातीला असंच होतं, हे मला पुस्तकातून माहीत आहे. पण पुस्तकाला १९ तारीख नाही.

आबा मुंबईहून आलेत. नवीन दिनदर्शिका भिंतीला लावली. माझ्याशी शब्द नाही.

१५ डिसेंबर, रविवार

जळला! जळला! जळला!

आधी पिवळा, फडफडत. मग स्थिर. मग निळा. गीताबाईंनी शेगडीला हात जोडले. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणी. गुरुजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहिले, नुसते ज्योतीकडं बघत. मग उठले आणि नाक शिंकरत गेले.

खांद्यावरून पोतं उतरल्यासारखं वाटतंय. दिल्लीचं काय व्हायचं ते होवो. टाकी जिवंत आहे.

१९ डिसेंबर, गुरुवार

आले. गेले. जसं झालं तसं लिहितो.

दोन मोटारी. अध्यक्ष म्हातारे, बारीक, काठी टेकत. पेट्रोलवाले डॉक्टर — मी मनात त्यांना राक्षस करून ठेवलं होतं — चांगले हसरे निघाले. आणखी तिघे. मालिनीबाई सगळ्यांना टाकीभोवती फिरवत होत्या, इंग्रजीत, झरझर. मी मागे.

मग चहा. बाईंनी मुद्दाम शेगडी अंगणातच लावायला सांगितली होती, पाइप ओढून. गीताबाई नवं लुगडं नेसून. पाणी उकळलं, चहा झाला, कपबशा फिरल्या. आणि सगळे थांबले! कप हातात, पण तोंडाला कुणी लावेना. एक जण म्हणाले, आज माझा गुरुवारचा उपास. मी गीताबाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी त्या साहेबांकडं बघून मोठ्यानं म्हटलं, "उपासाला च्या चालतो की!" मालिनीबाईंनी भाषांतर केलं नाही, पण कळलं सगळ्यांना.

पहिला घोट घेतला पेट्रोलवाल्या डॉक्टरांनी. "उत्तम," म्हणाले आणि दुसरा कप मागितला! मग बाकीच्यांनी घेतला. उपासवाल्यांनीसुद्धा.

अध्यक्षांनी कप संपवला आणि थेट माझ्याकडं वळले. हिंदीत विचारलं, "तुमच्या घरी बसवलंय हे?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. खोटं बोलता आलं असतं. म्हणालो, नाही.

"का?"

"वडील बसवू देणार नाहीत."

पेट्रोलवाले डॉक्टर पुढे झाले. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे ज्यानं बनवलं त्याच्याच घरी चालत नाही?"

तेव्हा माझं काय झालं कळलं नाही. हिंदी तुटकी, मधे इंग्रजी, मधे मराठीच. म्हणालो, आमच्या लोकांवर गावानं घाण उचलायचं काम टाकलं होतं. मेलेली जनावरं. माझ्या वडिलांनी ते नाकारलं, त्याबद्दल मार खाल्ला, मला शिकवलं. त्यांना वाटतं, मी फिरून तिथंच आलो. त्यांचं चुकत नाही. पण साहेब, या देशात अजून बायका-माणसं डोक्यावरून मैला नेतात. नेऊ नका म्हणून कायदा सांगेल, उपदेश सांगेल. पण मैल्याचं करायचं काय, ते कोण सांगणार? हे सांगतं. इथं कुणी काही उचलत नाही. गॅस हा वरचा फायदा आहे.

 गीताबाईंना हिंदी कळली नसणार, पण त्या पदराला डोळे पुसत होत्या.

अध्यक्ष टाकीपाशी गेले. काठीनं टोपीवर टकटक केलं — पोकळ आवाज. मोटारीकडं गेले. जाता जाता पेट्रोलवाले डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या कच्च्या मालाचे भाव वाढत नाहीत, हे तुमचं नशीब!" आणि स्वतःच हसले. मला वाटतं, ते थोडं रडण्यासारखं हसणं होतं.

मालिनीबाई गेल्यावर भान आलं. मी काय बोललो! शास्त्राबद्दल एक शब्द बोललो नाही. किती गॅस, किती तापमान, मैल्याचा टाकीत किती दिवस मुक्काम — सगळं पाठ केलं होतं, सगळं राहिलं. संपलं बहुतेक.

२० डिसेंबर

झोपलो. दिवसभर. आयनं उठवलं नाही.

२२ डिसेंबर, रविवार

कुंडलिक गुरुजी शिवऱ्याला आले होते! आमच्या वस्तीत, आमच्या दारात. आबा दचकून उठले. गुरुजी खाटेवर बसले, आयच्या हातचा चहा घेतला आणि आबांशी तासभर बोलले. मी बाहेर गोठ्यापाशी. तुकडे ऐकू आले. "...सहा तारखेला तुम्ही मुंबईला होता तेव्हा तुमचा मुलगा..." — "...गावातल्या कुणाला हाक मारली नाही त्यानं. का मारली नाही ते मला नंतर कळलं..." — "...साहेबांपुढं तुमचं नाव घेतलं..."

आबा मधे मधे नुसते "हं" म्हणत होते.

गुरुजी गेल्यावर आबा बाहेर आले. म्हशीच्या पाठीवर हात फिरवत उभे राहिले. मग म्हणाले — मला, थेट! — "त्या साहेबाला माजं चुकत न्हाई म्हनालास?"

"व्हय."

"मग बराबर म्हनालास."

आणि आत गेले. एवढंच! पण बोलले. बोलले!!

६ जानेवारी १९७५

समितीची काही खबर नाही. बाईंचं पोस्टकार्ड: वाट बघा, गॅस चालू ठेवा. दोन्ही करतोय.

ज्याच्या बापानं काढून नेला होता तो मुलगा परत आला. बाप सोबत. रॉकेल मिळत नाही म्हणून घरी अंधारात अभ्यास होत नाही, आणि इथं गॅसबत्ती आहे. बापानं दिव्याकडं बघितलं, संडासाकडं बघितलं आणि म्हणाला, "ठिवा."

१७ जानेवारी

आबा जेवताना: "त्या खड्ड्यातनं जे निगतंय, त्याचं खत किती दिसानं घालायचं?" सांगितलं. "भाताला चालंल?" चालेल म्हणालो.  आय हसू दाबत पातेलं घेऊन आत पळाली.

२८ जानेवारी, मंगळवार

मालिनीबाई स्वतः आल्या. जीपमधून उतरण्याआधीच ओरडल्या — "पहिला वर्ग!"

माझा विश्वास बसेना. त्यांनी दोनदा सांगितलं. मैला, शेण, कचरा, कारखान्यांचं सांडपाणी — सगळ्यातून गॅस आणि खत — पहिल्या वर्गात. वरवे चालू. भोर-वेल्ह्यात आणखी टाक्या बांधायला मंजुरी. पेट्रोलची प्रथिनं दुसऱ्या वर्गात गेली.

मी म्हणालो, माझ्या भाषणानं?

बाई खळखळून हसल्या. "अरबांनी तेलाचे भाव चढवले म्हणून! अर्धं काम त्यांनीच केलंय. तेलातून खाणं काढायचं म्हणजे सोन्यातून भाकरी." मग गंभीर झाल्या. "पण अहवालात एक वाक्य आहे. अध्यक्षांनी स्वतः घातलंय म्हणे. ‘या संशोधनाचा उद्देश इंधन एवढाच मानू नये, मैला वाहून नेण्याचं काम संपवणं हाही मानावा.’ ते अरबांनी लिहिलं नाही, जगन."

गुरुजींनी वसतिगृहाची घंटा वाजवली. वेळ नसताना! पोरं बावचळून बाहेर आली. गीताबाईंनी शिरा केला. गॅसवर. मी काही खाऊ शकलो नाही — इतकं हलकं वाटत होतं की पोटात जागाच नव्हती.

रस्त्यानं घरी येताना सायकल चालवत नव्हतो, सायकलच मला नेत होती. शिवऱ्याच्या वळणावर उतरलो आणि उगाच पुलाच्या कठड्यावर बसलो. बाटल्या धुवायला जावं लागणार नाही! घरच्या भाकरीवर राहीन, वेल्ह्यापर्यंत टाक्या बांधीन.

आबांना सांगितलं. ऐकून घेतलं. "म्हंजी सरकारनं कबूल केलं." हो म्हणालो. "लिवून?" हो. "मग बरं," म्हणाले आणि तंबाखू मळत बसले. बराच वेळ मळत बसले.

५ फेब्रुवारी

वेल्ह्याजवळ पहिल्या नव्या टाकीची जागा आखली. सावळाराम नारळ फोडू म्हणाले, मी म्हटलं, फोडा, खोबरं मी खातो. रात्री गाढ झोप. गेल्या चार महिन्यांत पहिल्यांदा दात-ओठ न खाता झोपलो असेन. आय म्हणते, झोपेत हसत होतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दिल्लीची तार, बाईंच्या मार्फत. पहिल्या वर्गातले पैसे देशात कुठं कुठं द्यायचे, कुणाचे अर्ज घ्यायचे, कुणाचे नाही, हे ठरवायला उपसमिती होणार. तिच्यासाठी प्रत्यक्ष काम केलेला तरुण माणूस हवा. अध्यक्षांनी माझं नाव सांगितलंय. निदान वर्षभर दिल्ली.

डोकं फिरलंय का त्यांचं! आत्ता कुठं सगळं जागेवर बसतंय. टाक्या आखल्यात. आबा बोलायला लागलेत. नाही म्हणून कळवणार. ठरलं. बाई रागावतील, रागावू देत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आबांना सांगितलं — दिल्लीला बोलावतायत, नाही म्हणून कळवतोय, इथलं काम टाकून कसं जाऊ.

आबा म्हणाले, "हितलं गुरुजी बगत्याल. गीताबाई बगंल. लागलं तर म्या बगन. पर कुनाला काय द्यायचं ते जितं ठरतंया, तितं आपलं कोन बसलंय?"

नसरापूरला जाऊन तार केली. येतो.

आयनं माझा कोट उन्हात टाकलाय.